सोळा मात्रा थांबणे

मारोतरावांना संगीताची आवड होती असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्यांना आवड होती ती मोजमापाची. जवाहरनगरच्या कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी तपासणी विभागात काढली. कागदावर लिहिलेलं आणि टेबलावर ठेवलेलं यांत केसाचाही फरक असता कामा नये, हे एकच तत्त्व त्यांनी पाळलं. ते त्यांनी एकदा बायकोच्या पोळ्यांनाही लावून पाहिलं होतं. त्या तपासणीचा निकाल इथं सांगण्यासारखा नाही.

संगीताचं झालं ते असं. निरोप समारंभात साहेबांनी माईकवर विचारलं, "मारोतराव, आता पुढे काय?" त्यांच्या आधीचे दोघं 'शेती' आणि 'नातवंडं' एवढं सांगून मोकळे झाले होते. मारोतरावांची शेती भाऊ करायचा आणि नातवंडं अजून झाली नव्हती. समोर चारशे माणसं बघत बसलेली. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "संगीत!" टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढे जो भेटेल तो विचारायला लागला, "काय मारोतराव, कुठवर आलं संगीत?" माणूस बोललेला शब्द एखाद्या वेळी परत घेऊ शकतो, चारशे माणसांच्या टाळ्या कशा परत करणार?

अडचण एकच होती. मारोतरावांना ऐकू येत नव्हतं. उजवा कान पूर्ण गेलेला आणि डावा अर्ध्या कामाचा. हे त्यांच्या घराण्यातलंच होतं. आजाचे आणि बापाचे कानही साठीच्या आतच गेले होते. पण मारोतरावांच्या मते यात अडचण अशी काही नव्हतीच. संगीत लिहिता येतं असं त्यांनी ऐकलं होतं, म्हणजे कुणीतरी त्यांच्या डाव्या कानात ओरडून सांगितलं होतं. आता जे लिहिलंय ते वाचायचं आणि तेच बटण दाबायचं. यात कानाचा संबंध येतो कुठे?

क्वार्टर सोडून ते अड्याळच्या अलीकडे, तलावाच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, खाली असलेल्या आपल्या गावी राहायला आले आणि महिन्याभरात कोंढ्याहून पायपेटी घेऊन आले. पायपेटी म्हणजे पायाने भाता हाणत दोन्ही हातांनी वाजवायची ती कपाटाएवढी पेटी. ताराचंद नावाच्या म्हाताऱ्याची ती होती. झाडीपट्टीच्या नाटकांत त्याने तीस वर्षं ती वाजवली होती. तो वारला आणि त्याचा मुलगा भुपेंद्र, जो खताबियाण्याचं दुकान चालवायचा, त्याने ती विकून टाकायचं ठरवलं.

सौदा इतक्या चटकन झाला की मारोतरावांना अपमान झाल्यासारखं वाटलं. ते चौकटीला हात लावून बघत होते तोवर पेटी टेम्पोत चढलीसुद्धा.

"पाहून तं घेऊ द्या," ते म्हणाले.

"घरी नेऊन पाहा जी, काका. निवांत पाहा," भुपेंद्र त्यांच्या डाव्या कानाशी येऊन म्हणाला. त्याच्या बायकोने एक जुनी जाड वही आणून पेटीवर टाकली. "हेबी न्या. सगळंच न्या."

तपासणीतल्या माणसाची नजर म्हणून एक गोष्ट मारोतरावांना दिसली. पेटी दिवाणखान्यातून बाहेर निघत होती तेव्हा भुपेंद्रच्या बायकोने धावत जाऊन स्वयंपाकघराचं दार ओढलं आणि कडी घातली. आत कुणी नव्हतं. चूलही थंड होती. पण असल्या गोष्टीसाठी कुठल्याही तक्त्यात रकाना नसतो, म्हणून त्यांनी ती सोडून दिली.

गावात शिकवायला होते फक्त भय्याजी, भजन मंडळाचे पेटीवाले. त्यांचा कान असा की चालत्या मोटारपंपाचा स्वर ओळखून त्यावर अभंग सुरू करायचे. पण नोटेशन म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. "कागदावर गाणं रायते का कधी? कागदावर किराणा रायते," ते म्हणाले आणि तीन दिवसांत शिकवणी आटोपली. मग मारोतरावांनी भंडाऱ्याहून पुस्तक आणलं आणि स्वतःच बसले. स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे वरच्या सप्तकातला, पायाशी टिंब म्हणजे खालच्या. खाली आडवी रेघ म्हणजे कोमल. अवग्रह म्हणजे स्वर लांबवा. त्यांना हे सगळं इतकं आवडलं की ते रात्री झोपताना बायकोला समजावून सांगायचे. ही तर सरळसरळ ड्रॉइंगच होती! इतकी वर्षं लोक उगाच माना डोलावत होते.

चार महिन्यांत ते ताराचंदच्या वहीपर्यंत पोचले. वहीत नाटकांची पदं होती, सुबक अक्षरात, तारखेसकट. शेवटच्या पानावर मात्र एक नाव नसलेली चाल होती. दोन ओळी स्वर, आणि मग सोळा कोरे चौकोन. त्यांच्या खाली लाल शाईने लिहिलं होतं, 'थांबणे. १६ मात्रा.' पुन्हा दोन ओळी, पुन्हा सोळा कोरे चौकोन. असं तीनदा.

"हे काय?" भय्याजींनी विचारलं. "सोडून द्या ना. इतका वेळ कोण थांबते? लोक उठून जातीन."

"लिहिलंय," मारोतराव म्हणाले.

प्रश्न उरला वेळेचा. सकाळी वाजवलं तर शेजारच्या लक्ष्मणरावांची म्हैस दूध चोरायची. संध्याकाळी भजन मंडळाची हरकत. रात्री बायकोची, मनकर्णाबाईंची, आणि ही हरकत घराच्या मालकिणीची. शेवटी सर्वांनी मिळून त्यांना दुपारचे तीन दिले. आश्विन महिना होता. धान निसवून लोंब्या आल्या होत्या, बांधावर माणूस नव्हता. त्या वेळी गाव असं पडलेलं असायचं की तलावाचं पाणीही कुणीतरी इस्त्री करून ठेवल्यासारखं दिसायचं.

मारोतराव मनगटावरचं घड्याळ काढून पेटीवर ठेवायचे. दोन ओळी वाजवायचे, हात मांडीवर घ्यायचे, पाय भात्यावरून उचलायचे आणि सेकंदकाट्यावर सोळा मोजायचे. सोळा म्हणजे सोळा, साडेपंधरा नाही.

पाचव्या-सहाव्या दिवशी लक्ष्मणराव कुंपणापाशी आले. हे धानाचे व्यापारी, गावातल्या प्रत्येक गोष्टीवर मत देणारे. ते तोंडाशी हात धरून म्हणाले, "मारोतराव, तुमच्या घरी बाई गाते!"

"गाय जाते? माझ्याकडे गाय कुठं आहे?"

"गाय नाई गा! बाई! गाते!"

मारोतरावांना वाटलं, हा आपल्या पेटीचा आवाज. बाई गाते इतका गोड वाजतो! त्यांनी नम्रपणे हात जोडले. "सराव आहे, दुसरं काय." लक्ष्मणराव त्यांच्याकडे विचित्र नजरेने बघत राहिले आणि मग घरात जाऊन त्यांनी मागचं दार लावून घेतलं. तेव्हा मनकर्णाबाई आठ दिवसांसाठी पवनीला भावाकडे गेल्या होत्या, ही गोष्ट लक्ष्मणरावांनी मनात नोंदवली होती. ती त्यांनी मनातच ठेवली नाही.

मनकर्णाबाई दोन दिवस आधीच परतल्या. पिशवी खाली न ठेवता त्यांनी घर पाहिलं, न्हाणीघर पाहिलं, गोठा पाहिला, धानाच्या कोठीचं झाकण उघडून आतही पाहिलं. मारोतराव त्यांच्या मागे मागे फिरत होते आणि काय हरवलं म्हणून विचारत होते. तीन वाजले. "वाजवा," त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात, आतल्या बाजूला, पदर खोचून उभ्या राहिल्या.

मारोतरावांनी दोन ओळी वाजवल्या. पाय उचलले. एक, दोन, तीन. नवव्या मात्रेला त्यांनी सहज मान वर केली, तर मनकर्णाबाईंचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्या हळूहळू, पाठ न वळवता, स्वयंपाकघरातून बाहेर सरकत होत्या. सोळावी मात्रा संपली. मारोतराव पुढच्या ओळीवर गेले, कारण कागदावर तसं लिहिलं होतं.

"अजी, बंद करा," त्या त्यांच्या कानात म्हणाल्या. "बंद करा पहिले."

"झालं काय?"

"मी दारात उभी होती. आवाज माह्या मांगून आला. मांगं भिंत आहे." त्या घोटभर पाणी प्यायल्या. "अन् जवसाच्या तेलाची फोडणी दिल्यावानी वास आला. आपल्या घरी जवसाचं तेल आहे तरी का?"

नव्हतं. मारोतरावांनी जाऊन तपासलं. डबे तपासले, भिंतीला हात लावला. भिंत आश्विनाच्या उन्हाने तापलेली असायला हवी होती, ती माठासारखी गार होती. पण एवढ्यावरून निष्कर्ष काढणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. शिवाय त्यांना राग आला होता. चार महिने खपून माणूस पेटी शिकतो आणि त्याचं वादन सोडून घरचे-दारचे सगळे भलत्याच कुणाचं तरी गाणं ऐकतात!

दुसऱ्या दिवशी भय्याजी आले. छाती काढून आले. आपण भजनं म्हणतो, आपल्याला काही होत नाही, असं त्यांनी येतानाच जाहीर केलं. पहिल्या विरामात ते हसले. "सुरात आहे पोरगी," म्हणाले. दुसऱ्या विरामात त्यांनी डोळे मिटले. तिसऱ्यात उघडले, स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि निघून गेले. चपला तिथेच राहिल्या. त्या मनकर्णाबाईंनी चिमट्याने उचलून कुंपणावरून पोचवल्या.

मग अर्ज झाला. लक्ष्मणरावांनी ग्रामपंचायतीत दिला. विषय: 'मारोतराव यांचे राहते घरी होणाऱ्या अनधिकृत गायनाबाबत.' ग्रामसेवक नवीन होता आणि नियमाचा माणूस होता. गाणाऱ्या बाईचं नाव घरपट्टीच्या नोंदीत नाही, मतदार यादीत नाही, भाडेकरू म्हणूनही नाही. तेव्हा तिला नोटीस कोणत्या पत्त्यावर बजावायची, यावर तो दोन दिवस अडला. शेवटी दोन पंच घेऊन तो स्वतः आला आणि रीतसर पंचनामा झाला. मारोतरावांनी वाजवलं. पंचांपैकी एकाने मधेच उठून ग्रामसेवकाचा हात धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही, त्यामुळे अक्षर थोडं वाकडं आलं.

पंचनामा मारोतरावांना सहीसाठी दिला. त्यांनी चष्मा लावून वाचला. 'वादन थांबल्यावर सोळा मात्रांचे विरामात स्त्रीचा स्वर तिन्ही वेळा स्पष्ट ऐकू आला. घराची झडती घेतली असता स्त्री आढळून आली नाही.' खाली तीन सह्या आणि गोल शिक्का.

तेव्हा मारोतराव पहिल्यांदा घाबरले. बायको सांगत होती, शेजारी सांगत होता, भय्याजी चपला टाकून पळाले, तोवर सगळं तोंडी होतं. आता ते लेखी होतं. त्यांनी सही केली तेव्हा पेन दोनदा खाली पडलं.

"ते चौकोन रिकामे ठेवता कायले पण?" जाता जाता ग्रामसेवकाने विचारलं. "भरून टाका ना काहीतरी वाजवून. रिकामी जागा दिसली का कोणी ना कोणी अतिक्रमण करतेच. मी रोज पाहतो."

सल्ला वाईट नव्हता. सगळ्या गावाला पटला. पण मारोतरावांचं मन दुसऱ्याच गोष्टीत अडकलं होतं. पेटी माझी, घर माझं, सोळा मात्रा मी मोजतो, आणि ऐकू येतं ते सगळ्या गावाला! मला सोडून! त्यांनी नागपूरला लेकीला, मेघाला, फोन केला. कानाचं यंत्र घ्या म्हणून ती सहा वर्षं मागे लागली होती आणि ते सहा वर्षं टाळत होते. ती दुसऱ्याच दिवशी यंत्र घेऊन आली.

यंत्र लावल्यावर मारोतरावांना भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. पालीची चुकचुक ऐकू आली. मनकर्णाबाईंच्या बांगड्या ऐकू आल्या आणि बऱ्याच वर्षांनी ऐकू आल्यामुळे ते क्षणभर बघतच राहिले. तीन वाजता ते पेटीवर बसले. मनकर्णाबाई आणि मेघा दारात एकमेकींना धरून उभ्या. दोन ओळी झाल्या. हात मांडीवर, पाय वर.

पलीकडे म्हशीचा रवंथ चालू होता, तो थांबला. कोंबड्यांची कुरकुर थांबली. घड्याळही दोन टिकटिकींच्या मधे अडकल्यासारखं झालं. मारोतरावांना ती शांतता ऐकू आली, स्पष्ट. मग नडगीवर गार हवा लागली. पेटीच्या पोटातून, जिथून भाता श्वास सोडतो तिथून. त्यांचे पाय अधांतरी होते. खाली भात्याच्या दोन्ही पट्ट्या सावकाश दबत होत्या आणि वर येत होत्या, कुणीतरी श्वास घेत असावं तशा.

मेघाने तोंडावर हात घेतला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मनकर्णाबाईंची मान अगदी थोडी हलत होती. म्हणजे गाणं चालू होतं.

मारोतरावांना काही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कोंढ्याची गाडी पकडली. भुपेंद्र दुकानात युरियाची पोती मोजत होता. मारोतरावांना पाहून त्याने मोजणी सोडली. ते काही बोलायच्या आतच म्हणाला, "परत घेणार नाई, काका. पाहिजे तं पुरे पैसे घेऊन जा, पण पेटी नोका आणू."

"मी परत द्यायला नाही आलो," मारोतराव म्हणाले. खरं तर ते त्यासाठीच आले होते, पण त्याचा चेहरा पाहून त्यांनी बेत बदलला. "कोण आहे ती?"

भुपेंद्रने खुर्ची पुसली, पाणी आणायला माणूस पाठवला, कॅल्क्युलेटर या खिशातून त्या खिशात ठेवलं. मग तो मारोतरावांच्या कानातल्या यंत्राच्या बाजूने खुर्ची ओढून बसला.

"माही माय. गोदावरीबाई. बाबा नाटकात वाजवे, पन् मायले कधी स्टेजवर जाऊ देल्लं नाई कोणी. त्या जमान्यात घरची बाई कुठं जाते नाटकात? मंग बाबा दुपारी घरी सराव करे, अन् माय सैपाकघरातून गाये. फोडणी देता देता. बाबानं तिच्यासाठी जागाच ठेवली होती चालीत. तितल्या वेळ थांबे. तिचं झालं का पुढं वाजवे."

"मग?"

"मंग माय गेली. बाबाचे कान तं आधीच गेले होते, बिलकुल. तरी रोज बसे. दोन ओळी वाजवे, अन् सैपाकघराच्या दाराकडं पाहून थांबे. सोळा मात्रा." भुपेंद्रने पोत्याच्या शिवणीतला दोरा ओढायला घेतला. "अन् ती गाये, काका. आमाले सगळ्याईले ऐकू ये. मले, बायकोले, पोराईले. बाबाले नाई. तो बिचारा दाराकडं पाहे, मान खाली घाले, अन् पुढं वाजवे. दोन वर्षं."

"तुम्ही सांगितलं नाही त्यांना?"

"भेव वाटे. सांगतलं असतं तं म्हातारा पेटीवरून उठलाच नसता. जेवला नसता. आमाले वाटलं, नोको." दोरा तुटला. पोतं उसवलं आणि युरिया पायावर सांडला, तो त्याने पाहिलाही नाही. "मराच्या दिवशीबी वाजवली. मले म्हणे, 'ती काही बोलत नाई रे, भुप्या. नाराज असंल.' तवाबी म्या नाई सांगतलं."

परतीच्या गाडीत मारोतरावांनी यंत्र काढून खिशात ठेवलं होतं. पाळीवरून उतरताना त्यांनी काय ठरवलं ते घरी कुणाला सांगितलं नाही. सरळ भय्याजींच्या घरी गेले. भय्याजी आतल्या खोलीत लपले, पण त्यांच्या बायकोने बाहेर काढून दिलं.

"मला वाचता-लिहिता येतं, ऐकू येत नाही," मारोतराव म्हणाले. "तुम्हाला ऐकू येतं, लिहिता येत नाही. उद्या तीन वाजता या. ती गाईल ते तुम्ही तुमच्या हातपेटीवर काढा. मी लिहून घेतो."

"माह्या मांगं लेकरंबाळं आहेत, मारोतराव."

"तुमचा मुलगा पन्नाशीचा आहे."

"मंग काय झालं? लेकरूच आहे."

शेवटी ते आले, मात्र अटींवर. तोंड अंगणाकडे, पाठ भिंतीला, पाय खुर्चीवर वर घेतलेले, डाव्या बाजूला मनकर्णाबाई आणि चपला पायातच. लक्ष्मणराव कुंपणाबाहेरून देखरेख करत होते. अर्जदार म्हणून आपली जबाबदारी आहे, असं त्यांचं म्हणणं.

पहिल्या विरामात भय्याजींनी घाबरून तीन स्वर एकदम दाबले. दुसऱ्या विरामात त्यांनी नुसतंच ऐकलं. तिसऱ्यात त्यांची भीती कुठेतरी गेली. पेटीवाल्याचा कान जागा झाला. गाणं संपताच ते घाईघाईने स्वर शोधायला लागले, एकेक, ओठ हलवत. "हे... नाई, हे नाई, याच्या वरचा. हो. हाच. इथं थांबते ती जरासीक."

"किती?" मारोतराव पेन्सिल धरून म्हणाले.

"जरासीक!"

"जरासीक म्हणजे अर्धी मात्रा की एक?"

"एक समजा ना बापा!"

चार दुपारी गेल्या. आदल्या दिवशीचं दुसऱ्या दिवशी ताडून पाहायचं, खोडायचं, पुन्हा लिहायचं. ती रोज, तिन्ही विरामांत, तेच गात होती, तशीच, न कंटाळता. चौथ्या दिवशी भय्याजींनी लिहिलेलं वाजवून दाखवलं आणि स्वतःच म्हणाले, "बरोब्बर. केसाचा फरक नाई."

सगळे गेल्यावर मारोतराव तो कागद घेऊन ओसरीवर बसले. सोळा चौकोन भरलेले होते. प ऽ ध प, म ऽ ग ऽ, रे ग ऽ रे, सा ऽ ऽ ऽ. चार महिन्यांपूर्वी ही त्यांच्यासाठी नुसती बाराखडी होती. आता ते नजर फिरवत गेले आणि प वर गेल्यावर तो प त्यांना आतून लागला. मग ध ला तो किंचित चढला, आणि म-ग वरून कुणीतरी पायऱ्या उतरावं तसा खाली आला, मधेच रे-ग पाशी वळून पाहिल्यासारखं झालं, आणि सा. तो सा चार मात्रा लांब होता. कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून उभं राहावं तसा.

मनकर्णाबाई चहा घेऊन आल्या तेव्हा ते तिसऱ्यांदा वाचत होते. ओठ हलत होते.

"चांगली गाते हो," ते म्हणाले.

"मी तं पंधरा दिवसांपासून सांगून राहिली," त्या म्हणाल्या आणि शेजारी बसल्या.

भुपेंद्रला त्यांनी फोन केला. तो दुसऱ्या दिवशी दुकान टाकून आला, पण तीन वाजायच्या आत परत निघायचं असं ठरवून आला. पेटीकडे त्याने पाहिलंही नाही. मारोतरावांनी वहीचं शेवटचं पान आणि भरलेले सोळा चौकोन एका कोऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवून ठेवले होते, खाली तारीख आणि 'तपासले' असं लिहून सही केली होती. भुपेंद्रने कागद दोन्ही हातांत धरला. त्याला त्यातलं अक्षर कळत नव्हतं.

"हे तिचं आहे?"

"तिचंच. मी आणि भय्याजींनी चारदा ताडून पाहिलंय."

भुपेंद्रने तो कागद घडी न घालता शर्टाच्या आत, छातीशी सरकवला.

"बाबाच्या फोटोपुढं ठेवतो," तो म्हणाला. "ऐकू नाई आलं त्यायले. पन् वाचता येत होतं."

तो गेला. धूळ बसली. साडेपाच वाजता त्याचा फोन आला की कागद ठेवला, उदबत्ती लावली, बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता भय्याजी आपणहून आले. चपला बाहेर काढल्या. आता लिहायचं काही उरलं नव्हतं, पण मनकर्णाबाईंनी त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती, आणि स्वयंपाकघराच्या दारात एक पाटही ठेवला होता. तो कुणासाठी ते कुणी विचारलं नाही. मारोतरावांनी घड्याळ काढून पेटीवर ठेवलं आणि दोन ओळी वाजवल्या. पाय उचलले. नडगीवर हवा लागली. आज ती गार नव्हती.

एक, दोन, तीन, चार.

भय्याजी गाण्यासोबत मान हलवायला लागले होते, ते मधेच थबकले. हातपेटीवर गेलेला त्यांचा हात वरच राहिला. मनकर्णाबाईंनीही चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

"काय झालं?" सोळा पूर्ण झाल्यावर मारोतरावांनी विचारलं. "थांबली का?"

भय्याजींनी वर राहिलेला हात खाली घेतला.

"नाई," ते मारोतरावांच्या डाव्या कानाशी वाकून म्हणाले. "हे कालचं नाई. आज पुढचं गाऊन राहिली."